हळद पावडरचं पाऊच करायचंय: सिलिंडर कोरण्याआधी काय काय पक्कं करायचं?

रेघोटी (सांगली)

नमस्कार मंडळी. घरूनच एकटी डिझाइनची कामं करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, हँडबिलं, दुकानांच्या पाट्या यांत अडचण नाही. आता कुपवाड एमआयडीसीतल्या एका हळद दळणाऱ्यांच्या 200 ग्रॅम पाऊचचं काम आलंय. पाऊच सेंटर सील, चपटं धरलं तर 130 मिमी रुंद आणि 190 मिमी उंच. माल फॉर्म-फिल-सील मशीनवर (फिल्मचं पाऊच करून, भरून, बंद करणारं मशीन) भरणार. प्रिंटर म्हणतो पाच रंगांत बसवा.

तीन ठिकाणी अडलंय. एक, आर्टवर्कची मापं आणि रंग कसे धरायचे? दोन, मालकांनी मजकूर जुन्या फाँटात दिलाय, तो युनिकोडमध्ये आणला की अक्षरं फुटतायत. तीन, मागच्या बाजूला कायद्यानं काय काय लागतं आणि त्याची जबाबदारी कुणाची? शिवाय दर कसा सांगायचा तेही कुणी सांगितलं तर बरं होईल. पत्रिकेसारखा 'पर डिझाइन' दर इथं लावणं मनाला पटत नाही.

रूळ_आणि_शाई (कुपवाड)

ताई, आधी एक फरक लक्षात घ्या. ऑफसेटमध्ये प्लेट चुकली तर दुसरी काढता येते, फार मोठा खर्च नसतो. ग्रॅव्ह्युअरमध्ये, म्हणजे पाऊचच्या या छपाईत, दर रंगाला एक पोलादी रूळ म्हणजेच सिलिंडर लागतो. त्यावर तांबं चढवतात, तुमचं डिझाइन त्यात बारीक खळग्यांनी कोरतात आणि वर क्रोम देतात. काळ्या रंगातली एक वेलांटी चुकली तर काळ्याचा आख्खा रूळ पुन्हा. म्हणून इथं सगळी मेहनत कोरण्याआधी करायची.

कामाला बसण्याआधी प्रिंटरकडून केएलडी मागा, म्हणजे पाऊच उलगडल्यावर दिसणारा रेघांचा नकाशा. ती अंदाजानं काढू नका. तुमच्या मापाचं गणित साधारण असं बसेल: समोरची बाजू 130 मिमी मध्ये, तिच्या दोन्ही अंगांना मागच्या बाजूचे अर्धे अर्धे भाग 65-65 मिमी, आणि दोन्ही कडांना चिकटपट्टीसाठी 10-10. म्हणजे 10 + 65 + 130 + 65 + 10, एकूण 280 मिमी रुंदीची फिल्म. उंचीचे 190 मिमी म्हणजे एक रिपीट, फिल्मवर तेच डिझाइन पुन्हा सुरू होईपर्यंतचं अंतर. त्यातले वरचे आणि खालचे 10-10 मिमी सीलमध्ये जातात. रुळाचा घेर 570 मिमी असला तर एका फेऱ्यात तीन पाऊच. घेर किती आणि आडवे किती बसवायचे हे प्रिंटर ठरवतो, पण रिपीटचा आकडा त्याच्याकडून लेखी घ्या. तुम्ही 190 वर काम केलंत आणि त्याच्याकडचा रूळ 192 चा निघाला तर सगळं ताणून बसवावं लागतं.

मागची बाजू एकसंध नाही हे पत्रिकेची सवय असलेल्यांच्या ध्यानात राहत नाही. मधोमध सील येतं. म्हणून मागच्या मजकुराचे दोन खांब करा, डाव्या 65 मध्ये एक आणि उजव्या 65 मध्ये एक. सीलच्या दोन्ही बाजूंना 4-5 मिमी मोकळे सोडा. एकही ओळ किंवा चौकट सील ओलांडून जाऊ देऊ नका, फिल्म मशीनवर एक-दोन मिमी सरकतेच आणि ओळ तुटलेली दिसते. पुढच्या बाजूचंही तसंच. पावडर भरल्यावर पाऊच फुगतं आणि कडेचा भाग मागे वळतो. ब्रँडचं नाव दोन्ही घड्यांपासून किमान 15 मिमी आत ठेवा, नाहीतर दुकानात मांडल्यावर पहिलं आणि शेवटचं अक्षर दिसणारच नाही.

आय मार्क विसरू नका. फिल्मच्या कडेला येणारा तो गडद ठोकळा बघून मशीनचा फोटोसेल पाऊच कुठं कापायचं ते ठरवतो. माप आणि जागा भरणाऱ्याच्या मशीनप्रमाणे घ्या. त्याच्या उभ्या पट्टीत दुसरं काही छापायचं नाही. तिथं नक्षी आली की फोटोसेल नक्षीलाच खूण समजतो आणि पाऊच भलत्याच जागी कापलं जातं.

आता रंग. पाचात पांढरा धरलेला आहे का ते आधी विचारा. पारदर्शक फिल्मवर पांढरा हा वेगळा रूळ असतो. छपाई फिल्मच्या आतल्या बाजूनं उलटी होते, पांढरा शेवटी येतो आणि मग आतून पॉलीचा थर चिकटवतात. शाई दोन थरांच्या मध्ये राहते म्हणून हात लावला तरी खरवडत नाही. मिरर तुम्ही करू नका, तो सिलिंडरवाला करतो. दोघांनी केला तर पुन्हा सुलटं.

पांढरा धरून पाच असतील तर निळा काढून टाकता येतो का बघा. हळकुंड, पावडर, पितळी वाटी यांच्या फोटोत निळं जवळजवळ नसतंच. पांढरा, पिवळा, मॅजेंटा, काळा आणि एक तयार हिरवा, असे पाच घ्या. तो हिरवा हळदीच्या पानाला आणि शाकाहारी खुणेला चालतो. ही गोष्ट सिलिंडरवाल्याला सुरुवातीलाच सांगा, सेपरेशन (दर रंगाचं वेगळं पान) त्याला तशी काढावी लागतात. पिवळ्यात काळा टक्का टाकून सावली आणू नका, हळद मळकी दिसते. सावलीला मॅजेंटा वाढवा.

पाऊचला खिडकी ठेवण्याचा आग्रह मालक धरतील. समजावून सांगा: हळदीतला कर्क्युमिन उजेडानं फिका पडतो, खिडकीतून दिसणारी पावडर मांडणीवर राहून राहून उतरते. मेटलाइज्ड (धातूचा पातळ मुलामा दिलेला) थर घेणार असतील तर एक सोय होते. जिथं पिवळ्याखाली पांढरा नाही ठेवला तिथं खालची चांदी झळकते आणि रंग सोनेरी दिसतो. सोनेरीसाठी वेगळा रूळ नको.

बारीक मजकूर फक्त काळ्या एका रंगात. चार रंग मिळून केलेली 6 पॉइंटची ओळ फिल्मवर कधीच जुळत नाही. देवनागरी 7 पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि गडद भागातून पांढरी काढायची असेल तर 9 ठेवा, तेही जाड वजनात. खळग्यांमुळे अक्षराची कड करवतीसारखी येते, अनुस्वार आणि रफार आधी बुजतात.

वेलांटी (मिरज)

फाँटचं मी सांगतो.

श्री-लिपी, कृतिदेव, एपीएस यांतला मजकूर म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचे कोड आणि वर मराठी चित्रं. फाँट बदलला की चित्रं जातात. त्यामुळे कन्व्हर्टर लागतोच, पण तो ठरावीक जागी चुकतो. 'निर्मिती' हा शब्द घ्या. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी 'म'च्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. कन्व्हर्टरला दोन्ही एकदम सांभाळता आलं नाही की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. दुसरा हमखास शब्द तुमच्या पाऊचवर असणारच: 'शेतकऱ्यांकडून'. यात 'र'ला नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य असा क्रम हवा. साधा र आला तर 'शेतकर्यांकडून' असं रफाराचं रूप उमटतं आणि ते मराठीत चूक आहे. शोधा-बदला करून 'र्य' असलेले सगळे शब्द एकेक तपासा. 'सूर्य', 'कार्य' मध्ये रफारच बरोबर असतो, म्हणून सरसकट बदलू नका. मजकूर एखाद-दुसऱ्या पानाचा असेल तर सरळ नव्यानं टंकावा, तपासण्यापेक्षा लवकर होतो.

इलस्ट्रेटरमध्ये काम करत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स सुरू करा आणि परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी किंवा साउथ एशियन कंपोझर लावा. ते नसलं की डावीकडे यायची वेलांटी उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. तुमची 'फुटलेली अक्षरं' बहुधा हीच. कोरलमध्ये एक्स 6 च्या आधीच्या आवृत्तीत युनिकोड मराठीच्या नादी लागू नका.

फाँट निवडताना मराठी वळणाचा ल आणि श आहे का बघा. बऱ्याच युनिकोड फाँटांत मूळ रूप हिंदी वळणाचं असतं आणि मराठी रूप भाषा 'मराठी' निवडल्यावरच येतं. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयातही मराठीसाठी हेच वळण धरलंय. 'सांगलीची' या शब्दातला ल पाऊचवर ठळक येणार आहे, तो परका दिसला की आपल्या गिऱ्हाइकाला काहीतरी खटकतं, काय ते सांगता आलं नाही तरी. मुक्ता, बालू, नोटो हे ओपन फाँट परवान्यावर आहेत, धंद्याच्या कामात फुकट चालतात. जुने फाँट पेनड्राइव्हवरून आलेले असतील तर ब्रँडच्या नावाला अजिबात वापरू नका. तो परवाना मालकाच्या गळ्यात पडतो.

दोन गोष्टी खास देवनागरीच्या. अक्षरांतलं अंतर म्हणजे ट्रॅकिंग वाढवू नका, शिरोरेघ तुटते. आणि कर्व्ह केल्यावर (अक्षरांचं रेषाचित्र केल्यावर) लगेच आउटलाइन देऊ नका. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. कर्व्हनंतर बाहेरून लाल किंवा पांढरी कड दिली की त्या प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते आणि 'हळद' हा शब्द तीन तुकडे जोडल्यासारखा दिसतो. आधी सगळी अक्षरं वेल्ड करा (इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट), मग कड द्या. कर्व्ह न केलेली फाइल वेगळ्या नावानं जपून ठेवा, 500 ग्रॅमचं पाऊच निघालं की तीच लागते.

रेघोटी (सांगली)

खूप आभार. वेल्ड करण्याचं माहीतच नव्हतं, फ्लेक्सवर त्या रेघा दिसायच्या पण कारण कळत नव्हतं. वजन समोर '२०० ग्रॅम' असं देवनागरीत मोठं घ्यावं असं मालक म्हणतायत. चालेल ना?

लेबल_तपासून_घ्या (सातारा)

एकटं तेवढंच चालणार नाही. पॅकबंद मालाच्या नियमांत वजन, किंमत वगैरे सक्तीचा मजकूर हिंदीत देवनागरी लिपीतून किंवा इंग्रजीतून लागतो. मराठी त्याच्या जोडीला घ्या, पण फक्त मराठी पुरत नाही. आकडे 200 असे आंतरराष्ट्रीय रूपातले. एकक इंग्रजीत असेल तर लहान जी हे एकच अक्षर. 'जीएम', 'जीएमएस' लिहिण्याची पद्धत बाजारात सर्रास आहे आणि चूक आहे. वजनाला 'अंदाजे', 'किमान' असले शब्द जोडायचे नाहीत. आकड्याची किमान उंची नियमात दिलीय. 200 ग्रॅमला 4 मिमी किंवा त्याहून मोठी ठेवली की चिंता नको, समोर जागा भरपूर आहे.

बाकीचा मजकूर मालकांकडून या क्रमानं मागा: मालाचं नाव (हळद पावडर, नुसतं ब्रँडनेम नाही), उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक, ग्राहक तक्रारीसाठी पत्ता, फोन आणि ईमेल. बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, वापराची मुदत, सर्व करांसहित किंमत आणि एका ग्रॅमची किंमत या गोष्टी रुळावर कोरायच्या नाहीत. साधारण 40 बाय 20 मिमीची फिकी, नक्षी नसलेली चौकट सोडा. आकडे भरताना इंकजेटनं पडतील. चौकट नेमकी कुठं हवी हे मशीनवर छापयंत्र कुठं बसवलंय त्यावर ठरतं, म्हणून भरणाऱ्याला विचारा. एका ग्रॅमची किंमत हा नियम पुष्कळांना नवा वाटतो: पाऊच 60 रुपयांचं असेल तर ग्रॅमला 30 पैसे असं लिहावं लागतं. किलोपेक्षा कमी मालाला ग्रॅमवर, जास्त असेल तर किलोवर.

शाकाहारी खूण: हिरव्या चौकटीत भरीव हिरवं वर्तुळ, चौकटीची बाजू वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट. तुमची समोरची बाजू 13 बाय 19 सेंमी, म्हणजे 247 चौरस सेंमी. 100 ते 500 च्या गटात व्यास किमान 4 मिमी आणि चौकट 8 मिमी. ती समोरच, मालाच्या नावाजवळ. पिवळ्यावर हिरवं उठून दिसत नाही, म्हणून खाली पांढरं ठेवा.

मालक हौसेनं जे सांगतील त्यात तीन गोष्टींना थेट नाही म्हणा. '100% शुद्ध': मे 2025 मध्ये एफएसएसएआयनं लेबलवर 100% हा दावा करू नका असं कळवलंय. सांधेदुखी, मधुमेह, कॅन्सर यांचा उल्लेख: खाद्यपदार्थावर रोग बरा करण्याचा दावा चालत नाही. आणि तिसरी सगळ्यात नाजूक, जीआयची खूण. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी 2016 मध्ये बेदाण्याला मिळालं होतं. पण माल सांगलीत दळला म्हणून ती खूण लावता येत नाही, मालक त्या मानांकनाचे नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ते असावे लागतात. प्रमाणपत्राची प्रत मागा. ॲगमार्कचंही (शेतमालाच्या दर्जाची सरकारी खूण) तसंच. हरिपूरच्या पेवांचं (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचं) रेखाचित्र किंवा मार्केट यार्डातलं सौद्याचं दृश्य घ्यायला मात्र कुणाची हरकत नाही, आणि खुणेपेक्षा ते जास्त बोलकं दिसेल.

रूळ_आणि_शाई (कुपवाड)

वरच्यांच्या यादीत बारकोड राहिला. जीएस1 इंडियाकडून मिळणारा क्रमांक 890 नं सुरू होतो. मालकांकडून तो क्रमांक घ्या, इंटरनेटवर कुठलाही आकडा टाकून कोड बनवू नका, तो दुसऱ्याचा असू शकतो. पूर्ण माप 37.29 बाय 25.93 मिमी आणि लहानात लहान 80 टक्के, म्हणजे रुंदी 29.83 मिमी. फिल्मवर मी तर 100 टक्केच ठेवा म्हणेन. तुमच्या 65 च्या खांबात आरामात बसतो. पट्ट्या उभ्या, पाऊचच्या उंचीला समांतर, कारण फिल्म त्याच दिशेनं धावते. आडवा ठेवला तर ताणामुळे पट्ट्या जाडावतात आणि स्कॅन होत नाही. पट्ट्या काळ्या, खाली भरीव पांढरा. स्कॅनर लाल उजेडानं वाचतो, त्याला लाल पट्टी दिसतच नाही. डिझाइनला शोभतो म्हणून कुंकवाच्या रंगात बारकोड करण्याचा मोह टाळा.

आणि पिवळ्या रंगाला मंजुरी मोबाइलच्या पडद्यावर घेऊ नका, डिजिटल प्रुफावरही नाही. पहिल्या छपाईच्या वेळी प्रिंटरकडून फिका, मध्यम आणि गडद अशी तीन नमुन्यांची शेड कार्ड काढून घ्या, मालकाची सही तिन्हींवर. पुढच्या वेळी माल छापताना वाद त्या कार्डावर मिटतो.

नोंदवही (विश्रामबाग)

दराचं आणि जबाबदारीचं लिहितो, वर ते राहिलंय.

'पर डिझाइन' नको, तासांवर या. हिशोबाची रीत अशी: घरखर्चासाठी काढायची रक्कम, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरचं भाडं, संगणकाची झीज, विमा सगळं धरून महिन्याला 45,000 लागतात असं समजा. एकट्या माणसाचे बिल करण्याजोगे तास महिन्याला 90 च्या पुढे जात नाहीत. बाकी वेळ फोन, प्रेसच्या फेऱ्या, वसुली यांत जातो. 45,000 भागिले 90, म्हणजे तासाला 500. हा ना नफा ना तोटा असा आकडा, त्यावर आपला नफा. पाऊचला मजकूर जमवणं, तीन मसुदे, केएलडीवर बसवणं, सेपरेशनचं प्रुफ तपासणं आणि प्रेसवर एक दिवस धरला तर 35 ते 40 तास सहज होतात. तुमचे आकडे तुमचे टाका.

कोटेशनवर लिहायच्या गोष्टी: दोन वेळा दुरुस्त्या दरात, तिसरीपासून तासाप्रमाणे. निम्मी रक्कम काम सुरू करताना, उरलेली अंतिम फाइल देण्याआधी. सिलिंडर आणि छपाईचा खर्च मालक थेट प्रिंटरला देणार. आणि हे वाक्य शब्दशः घाला: 'लेबलवरील मजकूर, परवाना क्रमांक व दावे यांची तपासणी व जबाबदारी ग्राहकाची.' त्यानं तुमची जबाबदारी संपत नाही हो. तुम्ही टंकलेल्या चुकीची भरपाई तुम्हालाच करावी लागेल, म्हणून अंतिम मजकुराचा मोठ्या टायपातला वेगळा कागद काढा, डिझाइन नाही, नुसता मजकूर, आणि मालकाची सही त्यावर घ्या. रंगीत डिझाइन समोर ठेवलं की माणूस चित्र बघतो, परवाना क्रमांकातला बारावा आकडा बघत नाही. व्हॉट्सॲपवरचा अंगठा मंजुरी धरू नका. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही, आणि उत्तरात फाइलचं नाव आणि तारीख लिहून 'मंजूर' असं मागा.

लोगो तुम्हीच काढत असाल तर आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर क्लास 30 मध्ये नाव शोधा, मसाले त्यात येतात. नोंदणी झाल्याशिवाय गोलातला आर छापायला कायद्यानं मनाई आहे, तोवर टीएम चालतं. नोकरीत नसलेल्या डिझायनरनं काढलेल्या लोगोचा कॉपीराइट साधारणपणे डिझायनरकडेच राहतो, मालकाला तो लेखी करारानं द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. मालकाला कायमचा हवा असेल तर तसं लिहा आणि त्याचे वेगळे पैसे लावा.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर हे काम घेण्याआधी करा. सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असली की लेखी करारात काहीही मुदत असो, 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण मग बिलावर जीएसटीची ओळही लावायची नाही.

एक सांगलीपुरतं. 2019 आणि 2021 चा पूर बघता मूळ फाइली तळमजल्यावरच्या एकाच संगणकात ठेवू नका. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक ऑनलाइन. सही केलेला मजकुराचा कागदही स्कॅन करून त्यातच टाका.

रेघोटी (सांगली)

मजकुराचा वेगळा कागद उद्याच काढते. रिपीट आणि घेर प्रिंटरकडून लेखी मागितलाय. खिडकीबद्दल मालकांशी बोलले, उजेडाचं कारण सांगितल्यावर लगेच तयार झाले. एकच शंका: हिरवा तयार रंग घेतला तर मागच्या बाजूच्या पुनर्वापराच्या खुणेलाही तोच वापरू का?

रूळ_आणि_शाई (कुपवाड)

नको, ती काळ्यात घ्या. हिरव्यात बारीक रेघेची खूण पिवळ्यावर पडली की दोन रंगांच्या जुळणीत कड दिसते. आणि प्लास्टिक पॅकिंगचा ईपीआर (प्लास्टिक कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी) नोंदणी क्रमांक लागू असेल तर मालकांकडून आत्ताच घ्या, तोही काळ्याच्याच रुळावर जातो. मागाहून घालायचा म्हटला तर तेवढ्यासाठी रूळ बदलावा लागेल.